गच्चीवरचं तळं

"ही जागा मी पाहिलेली आहे. लग्नाच्या आधी. सायकलवर गेलो होतो."

सर माझ्याकडे पाठ करून उभे होते, तेव्हा हे वाक्य मला उद्देशून नव्हतं. ते होतं आमच्या सोसायटीच्या हॉलमधल्या भिंतीला, म्हणजे भिंतीवर चिकटपट्टीने लावलेल्या माझ्या फोटोला. सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. शनिवार पेठेतली जागा सोडून कोथरूडला आमच्या सोसायटीत आले त्याला दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत त्यांना एखादी गोष्ट माहीत नाही असं एकदाही घडलं नव्हतं.

गणपतीचे दिवस होते. मी खांबाच्या आड प्रसादाची कागदी बशी धरून उभी होते. सरांनी सायकलवर जाऊन पाहिलेली ती जागा जगात कुठेही नव्हती. ती मी आमच्या जेवणाच्या टेबलावर, लागोपाठ कितीतरी रविवार बसून बनवली होती.

शाळेत मधल्या सुट्टीत कोणाशी बोलावं लागू नये म्हणून मी लायब्ररीत जाऊन बसायचे. इंग्रजी शाळा होती, त्यामुळे तिथे जुन्या युरोपियन निसर्गचित्रांचं एक जाडजूड पुस्तक होतं आणि ते कोणीही कधी घरी नेत नसे. वर्षानुवर्षं पाहून माझ्या लक्षात आलं की ही चित्रं एखाद्या छापील फॉर्मसारखी असतात. डावीकडे एक मोठं काळपट झाड. उजवीकडे पडकी कमान. मधे पाणी, पाण्यात पाय बुडवून उभी असलेली गाय. मागे निळसर डोंगर, वर भरपूर आकाश. आणि लांबवर, वाटेच्या वळणावर, लाल कपड्यातला एक अगदी छोटा माणूस, म्हणजे बघणाऱ्याच्या नजरेला टेकायला जागा मिळते. नावं वेगळी, देश वेगळे, फॉर्म तोच.

पुढे मी हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायच्या कामाला लागले. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि लेखी कळवायच्या. तोंडाने काहीच सांगावं लागत नाही, म्हणून मला ते काम आवडायचं. मग डिजिटल कॅमेरा घेतला आणि तो फॉर्म पुण्यात भरायला सुरुवात केली.

झाड औंधच्या रस्त्यावरचा वड. कमान शनिवार पेठेतल्या एका बोळातली. तिच्यावरची 'येथे वाहने लावू नयेत, हवा सोडली जाईल' ही पाटी आणि पाटीखाली लावलेली स्कूटर मी पुसून टाकली. गाय कसबा पेठेतली. देवळाबाहेर एक बाई गाय आणि गवताच्या पेंढ्या घेऊन बसतात, लोक पेंढी घेऊन गाईला घालतात. मी बाई, पेंढ्या आणि दावं काढून फक्त गाय ठेवली. तिच्या पायांच्या कडा मऊ करायला दोन रविवार गेले. डोंगर कंपनीच्या बसच्या खिडकीतून काढलेला. आकाश ऑफिसच्या पार्किंगमधलं. पाणी मात्र कुठेच हवं तसं मिळेना. मग एका सकाळी आमच्या गच्चीवरची टाकी भरून वाहिली, गच्चीच्या खोलगट कोपऱ्यात बोटभर पाणी साचलं, आणि मी कॅमेरा जमिनीला टेकवून, पोटावर झोपून त्याचे फोटो काढले. आई वाल्व बंद करायला धावत वर आली आणि मला तशी पाहून फडका आणायला परत खाली गेली.

शेवटी सगळ्यावर तपकिरी छटा चढवली. जुन्या चित्रांवरचं व्हार्निश काळाने पिवळं पडतं, तसं दिसायला हवं होतं. प्रिंट पाहून आई म्हणाली, "चहा सांडला का गं?"

सोसायटीच्या प्रदर्शनाचा विषय होता 'पुणे आणि परिसर'. मी काही देणार नव्हते. बाबांनी परस्पर फोटो देऊन टाकला. फॉर्मवर 'स्थळ' असा रकाना होता, तिथे त्यांनी लिहिलं, 'पुण्याजवळ'. बाबा कधी खोटं बोलत नाहीत. ते फक्त कमी बोलतात.

तर सर भिंतीसमोर उभे होते, आणि त्यांच्याभोवती रोज सकाळी टेकडीवरच्या बाकावर बसणारी मंडळी जमली होती.

"मुळशीच्या अलीकडचं आहे," एक जण म्हणाले.

"छे, पानशेत. मी तर त्या पाण्यात पोहलोय."

सरांनी हात वर केला. वर्ग शांत झाला. "मुळशी नाही आणि पानशेतही नाही. डोंगराचा माथा बघा, सपाट. उजवीकडे हा खांदा उतरलाय. हिंजवडीच्या पलीकडे. तेव्हा तिथे काळं कुत्रं नव्हतं. कमान यादवकालीन आहे."

जी स्कूटर मी पुसून टाकली होती ती सरांचीच होती. तीस वर्षं ते ती त्याच कमानीखाली लावत आले होते, कोथरूडला आल्यावरही पेठेत गेले की तिथेच.

"पाण्यात होडी दिसतेय," सर पुढे म्हणाले. "म्हणजे जवळपास वस्ती आहे."

होडी म्हणजे पारव्याचं पीस. ते पुसायचं राहून गेलं होतं.

घोळक्यात एकच माणूस गप्प होता. नागपूरकडचे काका, मुलाच्या आयटीतल्या नोकरीमुळे पुण्याला आलेले, आयुष्यभर पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मला तर हे तळं माहीत नाही बुवा."

बाकीच्यांनी त्यांच्याकडे इतक्या करुणेने पाहिलं की मलाच लाज वाटली. पुण्यात माणूस चुकलेला चालतो. माहीत नसलेला चालत नाही.

"आणि गाईची सावली इकडे, कमानीची तिकडे. असं कसं होईल, सर?"

"खोऱ्यात प्रकाश फिरतो," सर म्हणाले. "तुमच्याकडे सगळं सपाट. तुम्हाला अनुभव नसणार."

दोन सूर्य ही माझी चूक होती आणि ती फक्त एका माणसाने पकडली होती. मी मनातल्या मनात वाक्य तयार केलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत, मग मराठीतला 'ॲक्च्युअली' काढून. खांबाआडून एक पाऊल पुढेही टाकलं. तेवढ्यात सर फोटोवर नाक टेकवून म्हणाले, "अहो! हा लाल स्वेटरवाला कोण? हे आपल्या बी-सातमधले ना? रोज टेकडीवर येतात ते?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. दारात बाबा उभे होते, त्याच लाल स्वेटरमध्ये.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा बाबांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्याच वर्षी मी कॉम्प्युटरवर नोकरीला लागले. या दोन गोष्टी आमच्या घरात कोणी एका वाक्यात आणत नाही. तेव्हापासून बाबा रोज सकाळी टेकडीवर जायचे. वर एक बाक आहे, त्यावर ही मंडळी बसतात, जगाचा निकाल लावतात आणि खाली उतरतात. बाबा दीड वर्ष त्या बाकासमोरून मान हलवून पुढे जात होते. कोणी सरकून जागा केली नव्हती, आणि सरका म्हणणारे बाबा नव्हेत. मी एकदा त्यांच्या नकळत मागून त्यांचा फोटो काढला होता. हात पाठीशी बांधलेले, माकडटोपी, लाल स्वेटर. वळणावरचा छोटा माणूस म्हणून मी त्यांनाच ठेवलं, कारण तितकं लाल माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

"तुम्ही जाऊन आलात?" सरांनी विचारलं.

बाबा फोटोजवळ गेले. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "दिसतंय खरं."

"आणि इतके दिवस बोलला नाहीत!"

दुसऱ्या दिवशी बाकावर जागा झाली.

संध्याकाळी बाबा फोटो घेऊन माझ्या खोलीत आले. हातात आईचं सुईत दोरा ओवायचं भिंग.

"हा मीच."

"हो."

"स्वेटर माझाच."

"हो बाबा. पण मी तुम्हाला टेकडीवरून उचलून तिथे ठेवलंय. अशी जागा नाहीच. हे पाणी गच्चीवरचं आहे." कॉम्प्युटरवर मी त्यांना एकेक थर उघडबंद करून दाखवला. डोंगर गेला, आला. गाय गेली, आली. शेवटी बाबा गेले.

"आण परत," बाबा म्हणाले.

मी आणले.

त्यांनी खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवली. "आज सरांनी मला विचारलं, बँकांचं पुढे काय होणार म्हणून. दीड वर्षात पहिल्यांदा कोणी काहीतरी विचारलं." मग दाराकडे जाता जाता, "सांगायलाच हवं का गं?"

मी मान हलवली. कोणत्या दिशेने, ते मलाही नीट आठवत नाही.

इथवर ठीक होतं. पण पुढच्या काही आठवड्यांत बाबा त्या जागेबद्दल बोलायला लागले. आधी विचारल्यावर, मग न विचारताही. पाणी गार होतं. गाय मारकी नव्हती. कमानीखाली बसायला दगड आहे. एकदा जेवताना ते म्हणाले की तिथे वारा फार छान सुटतो.

"कधी गेला होतात?" आईने विचारलं.

"तू झोपली होतीस."

आईने आमटी वाढली. मग स्वयंपाकघरात मला गाठून म्हणाली, "तुझं चित्र आहे. तूच निस्तर. मी त्या पाण्यात फडका मारलाय, मला साक्षीला बोलावू नकोस."

दिवाळीनंतर बाकावरच्या मंडळींनी सहल ठरवली. मिनीबस, चिवडा, सतरंजी, फोटोची फ्रेम केलेली प्रत. मार्गदर्शक सर. प्रमुख पाहुणे बाबा. चिवड्याला आई. मला न्यायचं कारण, फोटो कुठून काढला ती नेमकी जागा दाखवायला.

"इंग्रजी माध्यम ना तुझं?" बसमध्ये सरांनी विचारलं. "मग एकोणसत्तर म्हणजे किती?"

"सिक्स्टी नाइन."

"वा. म्हणजे अगदीच वाया नाही गेलीस."

मी खिडकीशी बसले. पुढच्या सीटवर बाबा होते, आणि त्यांच्या मानेवरून कळत होतं की ते घाबरलेत. हिंजवडीच्या काचेच्या इमारती मागे पडल्या. सर ड्रायव्हरला डावीकडे, उजवीकडे सांगत होते. मला वाटलं, अकरापर्यंत सगळे थकतील, कुठेतरी सतरंजी टाकून चिवडा खातील आणि 'रस्ता चुकला' असं म्हणून घरी येतील. पुण्यात रस्ता चुकतो तो नेहमी रस्त्याचाच दोष असतो. बाबांचा बाक वाचला असता.

मग बस एका वळणावर आली आणि सर ओरडले, "थांबवा!"

मी बाहेर पाहिलं. समोर तो डोंगर होता.

म्हणजे अर्धा होता. सपाट माथा तसाच, पण उजवीकडचा खांदा नव्हता. तिथे केक कापल्यासारखी उभी लाल कड होती. खाली दोन पिवळी यंत्रं उभी होती आणि मुरमाचे ढीग. मी तो डोंगर दीड वर्षापूर्वी बसमधून काढला होता. त्यानंतर आमचं ऑफिस दुसऱ्या इमारतीत गेलं, बसचा रस्ता बदलला, आणि मी त्याच्याकडे फक्त कॉम्प्युटरवर पाहत राहिले. तिथे तो अख्खाच होता. सरांनी खरंच त्याला ओळखलं होतं. ते खरंच कधीतरी इथे सायकलवर आले होते. मला हे सुचलंच नव्हतं, की एखादा माणूस सगळं चुकीचं सांगत असताना त्यातलं एक बरोबर असू शकतं.

मंडळी खाली उतरली, आईने रस्त्याकडेला सतरंजी पसरली. दोघांनी फ्रेम धरली, बाकीचे चित्र आणि जागा ताडून पाहायला लागले.

"झाड तोडलं."

"कमानही पाडली! यादवांची कमान!"

"तळं कुठाय?" सरांचा आवाज चढला. "फार तर दीड वर्षापूर्वीचा फोटो असेल हा. दीड वर्षात अख्खं तळं बुजवलं!"

समोर तळ्याच्या जागी भाताचं कापलेलं वावर होतं. त्यातून एक म्हातारे शेतकरी टॉवेलने मान पुसत आमच्याकडे आले. "काय हुडकताय?"

"हे तळं," सर म्हणाले आणि काचेवर बोट ठेवलं. "हे शेत कोणाचं?"

"माजंच हाय."

"मग तळं तुम्हीच बुजवलंत?"

आजोबांनी फ्रेममध्ये वाकून पाहिलं. "हितं तळं न्हवतंच कधी. आमच्या आज्यापासनं हितं भातच हाय. ह्यो डोंगूर मातर हुता, असाच. ह्यो खांदा बगा..."

"डोंगराचं राहू द्या. विषय बदलू नका. तळ्याचं बोला."

"न्हवतं, म्हंतो ना."

"मग ही होडी काय हवेत चालली होती?"

नागपूरकडचे काका मधे पडले. "सर, इथला उतार पाहा ना. पाणी साचणारच नाही इथे."

"आता साचणार कसं? बुजवलंय!"

आजोबांनी आधी सरांकडे पाहिलं, मग बसकडे, मग सतरंजीकडे. शहरातून माणसं आली की इथे पुढे काय होतं हे त्यांनी आधी पाहिलेलं असावं, कारण ते आवाज न चढवता एकदम हात जोडून म्हणाले, "सायेब, सातबारा दावतो. कुनाचं पानी न्हाई बुजवलं म्या."

हे मला सहन होईना. तरीही मी काही बोलले नाही. हे मला लिहून ठेवायला हवं.

सरांनी पिशवीतून फुलस्केप कागद काढला होता. ते घरूनच कागद घेऊन निघतात. बसच्या बॉनेटवर ठेवून त्यांनी सुबक अक्षरात अर्ज लिहिला: माननीय जिल्हाधिकारी यांस, सदर ठिकाणचा नैसर्गिक जलाशय, पुरातन कमान व वटवृक्ष नष्ट करण्यात आले असून, संबंधित जमीनमालकाची चौकशी व्हावी. जमीनमालकाचं नाव त्यांनी आजोबांना विचारलं, आणि आजोबांनी ते सांगितलंसुद्धा, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. डोंगराचा अर्जात उल्लेख नव्हता. डोंगर एवढा मोठा होता की त्याची तक्रार करता येते हे कोणाच्या लक्षात आलं नसावं. मागे यंत्र सुरू झालं आणि खांद्याचा आणखी एक तुकडा घरंगळत खाली आला. कोणी वळून पाहिलं नाही. फक्त आजोबांनी पाहिलं.

"सोबत छायाचित्र जोडलं आहे," सरांनी वाचून दाखवलं. "आणि खाली पहिली सही प्रत्यक्षदर्शीची. या."

त्यांनी पेन बाबांपुढे धरलं.

आई सतरंजीवर चिवड्याचा डबा मांडीत घेऊन बसली होती. तिने झाकण लावलं आणि माझ्याकडे पाहिलं.

बाबांनी पेन घेतलं. तीस वर्षं बँकेत सही करणारा माणूस. नीट वाचल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कशावर सही केली नाही. त्यांनी अर्ज पहिल्यापासून वाचला. मग आजोबांकडे पाहिलं, ते अजून हात जोडूनच उभे होते. बाबांचा कान लाल झाला, स्वेटरइतका. पेनचं टोक कागदाच्या वर बोटभर अंतरावर थांबलं आणि तिथेच राहिलं. "करा, करा," मागून कोणीतरी म्हणालं. "तुम्हीच तर पाहिलंय." बाबांची नजर माणसामाणसांवरून फिरत माझ्यावर येऊन टेकली, आणि मला एवढंच दिसलं की ते सही करणारही नाहीत आणि का ते सांगूही शकणार नाहीत. अगदी माझ्यासारखेच ते तिथे उभे राहतील, आणि उद्यापासून बाकासमोरून मान हलवून पुढे जातील.

माझ्याकडे इंग्रजी वाक्य तयार नव्हतं. मराठीही नव्हतं. मी बॉनेटपाशी गेले, कागदावर हात ठेवला, आणि माझा आवाज इतका मोठा निघाला की यंत्रावरच्या माणसानेही इकडे पाहिलं.

"बाबा, तळ्यासाठी सही करू नका. तळं आपल्या गच्चीवरचं आहे, कमान सरांच्या स्कूटरमागची आहे, आणि आजोबा खरं सांगतायत. सही करायची तर डोंगरासाठी करा. डोंगर इथलाच आहे. मी स्वतः बसमधून काढलाय. तो अख्खा होता."